खिडकीची सीट कुणाच्या बापाची?

युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी २०२१ मध्ये ‘आमची चूल वेगळी’ असं जाहीर केलं आणि जगभरचे फुटबॉलवेडे पेटले. त्यात आमचा पनवेलचा कट्टाही होता. पण त्या मैदानांपासून हजारो किलोमीटर लांब बसलेल्या आम्हाला एवढं चिडायचा हक्क होता का? आणि हेच सगळं आपल्या शेजारी घडत होतं, तेव्हा आम्ही कुठे होतो?

१९ एप्रिल २०२१, सोमवार. सकाळी डोळे उघडले आणि सवयीने मोबाइल हातात घेतला. आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १४३ मेसेज! पोटात गोळाच आला.

ते दिवस आठवतायत ना? कोरोनाची दुसरी लाट, राज्यभर संचारबंदी, घरोघरी वाफारे आणि काढे. आमच्या ग्रुपवर मॅचच्या गप्पा कमी झाल्या होत्या. ‘कामोठ्यात बेड मिळेल का?’, ‘सिलिंडर कुठे भरून देतात?’ असेच मेसेज जास्त. दोनच दिवसांपूर्वी आमच्या लिव्हरपूलवाल्याच्या बाबांना अ‍ॅडमिट केलं होतं. त्यामुळे एका रात्रीत १४३ मेसेज म्हणजे... मी अक्षरशः एक डोळा मिटून स्क्रोल केलं.

काकांना काही झालं नव्हतं. उलट पहिला मेसेज त्यांच्याच मुलाचा होता, पहाटे चारच्या सुमाराचा. हॉस्पिटलच्या आवारात मोबाइल बघत जागा बसलेला असताना त्याला बातमी दिसली होती : ‘मंडळी, आपले क्लब पळाले!’

इंग्लंडमधले मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल, चेल्सी, आर्सेनल आणि टॉटनहॅम. स्पेनमधले रिअल माद्रिद, बार्सिलोना आणि अ‍ॅटलेटिको माद्रिद. इटलीतले युव्हेंटस, एसी मिलान आणि इंटर मिलान. या बाराजणांनी मिळून स्वतःची युरोपियन सुपर लीग जाहीर केली होती. आमच्या ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांचे क्लब त्या यादीत! एरवी एकमेकांची उणीदुणी काढणारे आम्ही त्या सकाळी पहिल्यांदाच एका बाजूला होतो. निदान तसं वाटलं तरी.

पाट्या ठोकलेल्या खिडक्या

ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्यांच्यासाठी पनवेलच्या भाषेत सांगते. आपलं स्टेशन हार्बर लाइनचं टोक. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळायचा चान्स असतो. पण ती मिळवावी लागते. घर लवकर सोडा, डबा नेमका कुठे येतो ते हेरून उभे राहा आणि गाडी लागली की घुसा. काही महाभाग तर मानसरोवरहून उलटे पनवेलला येतात आणि तीच सीट धरून पुढे जातात. आपली चिडचिड होते, पण तेही कष्टच की!

आता समजा, एका सकाळी बाराजणांनी येऊन खिडक्यांवर स्वतःच्या नावाच्या पाट्या ठोकल्या. ‘या सीट कायमच्या आमच्या. उशिरा आलो तरी आमच्या. आणखी तीन मित्र येणार आहेत, त्यांच्याही जागा धरून ठेवल्यात. उरलेल्या पाच सीटसाठी बाकीच्यांनी दरवर्षी मारामारी करावी.’ डब्यात काय होईल?

सुपर लीग म्हणजे नेमकं हेच. वीस संघ, त्यातले पंधरा कायमचे. कितीही भिकार खेळा, बाहेर पडायची भीतीच नाही. मी आर्सेनलची. माझा क्लब त्या सीझनला इंग्लिश लीगमध्ये आठवा आला. आठवा! आणि म्हणे आम्ही युरोपातले ‘एलिट’. त्याच लीगमध्ये २०१६ साली लेस्टरसारख्या छोट्या शहराच्या क्लबने सगळ्या बड्यांना मागे टाकून विजेतेपद पटकावलं होतं. ज्या वर्षी तुम्ही चांगलं खेळाल त्या वर्षी खिडकी तुमची, हा फंडा आहे म्हणून लेस्टर घडतं.

इथे क्रिकेटवाली मंडळी लगेच म्हणतील, ‘मग आयपीएलचं काय? तिथे तरी शेवटचा आलेला संघ कुठे बाहेर जातो?’ पॉइंट बरोबर आहे. आयपीएल बंद लीगच आहे आणि आपण ती मिटक्या मारत बघतो. पण २००८ मध्ये तिचे संघ कोऱ्या पाटीवर सुरू झाले. कुणाच्या आजोबांच्या आठवणी त्यांना चिकटलेल्या नव्हत्या. लिव्हरपूल १८९२ चं, आर्सेनल त्याहून सहा वर्षांनी थोरलं. शंभरहून जास्त वर्षं ज्या शिडीवरून वर आलात, ती वर पोचल्यावर ओढून घ्यायची, याचा राग होता.

‘भविष्यातले फॅन’ म्हणजे आपणच की!

त्या दिवशी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली मी एवढंच वाचत बसले. त्यातली एक गोष्ट डोक्यात जी बसली ती आजही निघालेली नाही. सुपर लीगच्या गोटात म्हणे दोन शब्द वापरात होते. मैदानाच्या आसपास राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या येणारे प्रेक्षक म्हणजे ‘लेगसी फॅन’. आणि जगभर पसरलेले, टीव्ही-मोबाइलवर बघणारे, ज्यांना फक्त मोठी नावं हवीत ते ‘फॅन्स ऑफ द फ्युचर’. बीबीसीने ही बातमी दिली तेव्हा इंग्लंडमध्ये आगडोंब उसळला.

मी मात्र वेगळ्याच कारणाने चमकले. भविष्यातले फॅन म्हणजे कोण? अहो, आपणच! नवीन पनवेलमध्ये रात्री साडेबाराला कानात हेडफोन खुपसून, आई उठू नये म्हणून तोंडावर उशी दाबून गोल सेलिब्रेट करणारे आपण. म्हणजे हा सगळा घाट आपल्या नावाने घातला जात होता. रिअल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझ हे या लीगचेही अध्यक्ष. ते स्पॅनिश टीव्हीवर सांगत होते, की तरुणांना फुटबॉल कंटाळवाणं वाटू लागलंय, फार झालं तर सामने लहान करू. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्या आम्हाला कुणी विचारलं होतं?

कुणी विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, हाही प्रश्नच आहे. कारण दुपारपर्यंत आमच्या ग्रुपमध्ये फूट पडली. आमचा रिअल माद्रिदवाला महापेला आयटीत नाइट शिफ्ट करतो. तो म्हणाला, ‘खरं सांगू? मला चालेल. मी काय लेस्टर बघायला जागतो का? दर आठवड्याला बार्सा-लिव्हरपूल, युव्हे-युनायटेड मिळणार असेल तर माझं काय जातंय?’

त्याच्यावर सगळे तुटून पडले. पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. आम्ही क्लब निवडले ते गावावरून नाही, घराण्यावरून नाही. मी आर्सेनलची झाले ते मोठ्या आत्तेभावाने लहानपणी जुनी जर्सी दिली म्हणून. ती ढगळ होती, पण दोन उन्हाळे अंगातून काढली नाही. आमच्यापैकी एकानेही स्टेडियमचं तिकीट काढलेलं नाही. कुणी विचारलं, ‘तुमचा काय संबंध?’ तर सांगायला आमच्याकडे जागरणाशिवाय काय होतं?

रात्री लिव्हरपूलवाल्याचा मेसेज आला : ‘भांडा रे, भांडत राहा. बाबांच्या ऑक्सिजनच्या आकड्याशिवाय वाचायला दुसरं काहीतरी हवंय.’

त्यानंतर दोन तास आम्ही मुद्दाम भांडलो. आमचा काय संबंध, याचं उत्तर मला त्या रात्री थोडंफार मिळालं.

दोन रात्रींत खेळ खल्लास

मंगळवारी, २० एप्रिलला, चेल्सीची ब्रायटनशी मॅच होती. आपल्याकडे मध्यरात्र. स्टॅम्फर्ड ब्रिजबाहेर चेल्सीचेच शेकडो फॅन रस्त्यात उभे राहिले. बस आत जाईना. पीटर चेक, ज्याने वर्षानुवर्षं चेल्सीचा गोल राखला, तो बाहेर येऊन लोकांना विनवत होता, की जरा वेळ द्या. हे सगळं आम्ही मोबाइलवर लाइव्ह बघत होतो. जे लोक आपल्याच क्लबला जाब विचारत होते, त्यांचा क्लब तर फायद्यात जाणार होता! तरीही ते रस्त्यावर होते.

बुधवारची सकाळ उजाडेपर्यंत सहाच्या सहा इंग्लिश क्लबांनी माघार घेतली होती. लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी व्हिडिओवर माफी मागितली. २ मे रोजी युनायटेडचे फॅन ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. जर्मनीचे बायर्न आणि डॉर्टमुंड मुळातच या भानगडीत पडले नव्हते. तिथल्या नियमानुसार बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या हातात असतात. मालकाने रात्रीत काही ठरवलं, असं सहसा चालत नाही.

आमच्या ग्रुपवर जल्लोष! जसं काही आम्हीच बस अडवली होती. मे महिन्यात त्याहून मोठी बातमी आली. काका घरी आले.

काकांचा प्रश्न

जुलैत निर्बंध जरा सैल झाले तेव्हा आम्ही चौघं मास्क लावून काकांना भेटायला गेलो. खांदा कॉलनीतलं घर, खिडकीशी आरामखुर्ची. काका बारीक झाले होते, पण आवाज खणखणीत. मुलाने त्यांना सगळी गोष्ट सांगितली होतीच.

‘काय रे, टीम गेली म्हणून दोन दिवस रडत होता म्हणे?’ काका हसले. ‘माझी टीम २०१० साली गेली. तेव्हा कुणी बस अडवली नाही.’

काकांची टीम म्हणजे महिंद्रा युनायटेड. नोकरी फोर्टमध्ये. मॅच असली, की साहेबांना काहीतरी थाप मारून कूपरेज गाठायचं. घानाचा याकुबू त्यांचा हिरो. २००५-०६ ला महिंद्राने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. मुंबईचा संघ देशात पहिला! ती गोष्ट ते अशी सांगतात, की जणू काल झालीय. आणि चारच वर्षांनी कंपनीने संघ बंद केला. १९६२ पासूनचा संघ, एका निर्णयात संपला. ‘मी पेपरात वाचलं, घडी केली आणि गाडीत बसलो. काय करणार? एकट्याने मोर्चा काढतात का?’

मी गप्प. कारण तेव्हा मी शाळेत होते हे खरं असलं, तरी २०१४ ला नव्हते.

२०१४ ला मी अकरावीत होते. इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसीचं होम ग्राउंड चक्क नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम! पनवेलहून सहावं स्टेशन. को-ओनर रणबीर कपूर, संघात आनेल्का आणि आर्सेनलचा जुना हिरो युंगबर्ग. आम्ही वेडे झालो. १८ ऑक्टोबरला पुण्याविरुद्ध आंद्रे मोरित्झने हॅट्ट्रिक मारली, मुंबई ५-० ने जिंकली. आयएसएलमधली ती पहिली हॅट्ट्रिक, आणि मी स्टँडमध्ये होते! आवाज बसेस्तोवर ओरडले. लोकलमध्ये गाणी म्हणत घरी आलो.

तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही, की ही लीग कशी बनलीय. आठ फ्रँचायझी. वर येण्यासाठी दार नाही, खाली जाण्याची भीती नाही. तीच पाट्या ठोकलेली खिडकी! देशात आय-लीग आधीपासून होती. तिचा विजेता कितीही भारी असला तरी त्याला या नव्या डब्यात प्रवेश नव्हता. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता. २०१५ नंतर तो त्या लीगमध्ये दिसला नाही. मुंबई एफसी २०१७ ला खालच्या श्रेणीत गेला आणि संपला. पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सचंही त्याच वर्षी आटोपलं. २०१९ मध्ये आय-लीगच्या काही क्लबांनी सुपर कपवर बहिष्कार टाकला, पण पुढच्याच मोसमापासून, २०१९-२० पासून, आयएसएल देशातली अव्वल लीग झालीच.

युरोपात जे ४८ तास टिकलं नाही, ते आपल्याकडे झालं आणि पचलंही. आणि मी त्याच्या पहिल्या सीझनला तिकीट काढून टाळ्या वाजवत होते. मला ‘भविष्यातली फॅन’ म्हटलं तर राग का यावा? मी होतेच की!

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आयएसएल नसती तर नेरूळच्या स्टँडमध्ये मी कधी पोचलेच नसते. त्या लीगने फुटबॉल प्राइम टाइमला आणलं, आमच्यासारख्या मुलींनाही स्टेडियमची सवय लावली. काकांचं कूपरेज आमच्या पिढीला ठाऊकच नव्हतं. म्हणून आमची आठवण २०१४ पासून सुरू होते. गेलेल्या संघासाठी रडायला तो आधी आपला वाटावा लागतो.

बोंबललं की मिळतं

मग भारतात फॅन्सचं कधी चालतच नाही? तसंही नाही. २०२० मध्ये १८८९ सालचा मोहन बागान क्लब एटीके या आयएसएल फ्रँचायझीबरोबर एक झाला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. कोलकात्याचे पाठीराखे भडकले. ‘एटीके काढा’ हा एकच धोशा त्यांनी जवळजवळ तीन वर्षं लावला. मार्च २०२३ मध्ये संघाने आयएसएल जिंकली आणि मालकांनी नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. एटीके गेलं. त्यांच्या आजोबांचं नाव परत मिळालं, फक्त त्यापुढे ‘सुपर जायंट’ चिकटलं.

आणि कोलकात्यापर्यंत तरी कशाला जायचं? माझ्या आधीच्या ऑफिसमध्ये एक कोल्हापूरकर होता. त्याला सुपर लीगचं सांगितलं तर त्याला आधी कळेचना. ‘संघ पेठ सोडून जाणार कुठं?’ हा त्याचा भाबडा प्रश्न. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार... हे तिथले संघ म्हणजे तालमी. शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात, कधीकधी हाणामाऱ्याही होतात. ‘आमची पीटीएम कोण इकत घेणार? घेतली तर गल्लीत गाडी आणून दाखवावी!’ असं तो म्हणाला, तेव्हा स्टॅम्फर्ड ब्रिजबाहेरची ती अडलेली बस मला आठवली. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

सुपर लीगचं पुढे काय झालं?

डिसेंबर २०२३ : युरोपियन न्यायालयाने निकाल दिला, की नव्या स्पर्धांना आधी आमची परवानगी घ्या, हे युएफा आणि फिफाचे नियम बेकायदा आहेत. म्हणजे दार पूर्ण बंद झालं नाही.

जुलै २०२५ : इंग्लंडमध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा आला. स्वतंत्र नियामक आणि अशा फुटीर लीगमध्ये जायला बंदी.

आपल्याकडे : २०२३ मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये वर आला, असा पहिलाच संघ. खाली मात्र २०२५ पर्यंत एकही संघ गेला नाही.

रिकामी गाडी

आमच्या मुंबई सिटीचीही गंमत ऐका. २०१६ मध्ये होम ग्राउंड नेरूळहून अंधेरीला गेलं. पनवेलकरांची अख्खी संध्याकाळ प्रवासात, म्हणून आमचं जाणं आपोआप कमी झालं. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्याच सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. संघ मार्च २०२१ मध्ये चॅम्पियनही झाला, सुपर लीगच्या घोषणेच्या महिनाभर आधी, गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. मग जुलै २०२५ मध्ये लीगच्या हक्कांच्या करारावरून आयएसएलचा पुढचा सीझनच लटकला आणि डिसेंबरमध्ये सिटी ग्रुपने क्लबमधून अंग काढून घेतलं. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये लीग सुरू झाली, तीही छोट्या स्वरूपात. पायाच पक्का नसेल तर कायमच्या पाट्या किती काळ टिकतात, ते आपण बघितलं.

मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या ग्रुपवर या विषयाचे मेसेज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. लंडनच्या क्लबसाठी एका रात्रीत १४३. सहाव्या स्टेशनावर जन्मलेल्या क्लबसाठी सात की आठ.

हे मी ग्रुपवर लिहिलं. थोडा वेळ शांतता. मग काकांच्या मुलाने लिहिलं, ‘बाबा विचारतायत, कूपरेजला येणार का? मुंबईच्या लीगची मॅच आहे.’

आम्ही सहाजण गेलो. रिअल माद्रिदवालाही आला, नाइट शिफ्ट करून, डोळे चोळत. स्टँडमध्ये तुरळक माणसं. खेळाडूंची नावं आम्हाला ठाऊक नव्हती. काकांना मात्र कोणत्या बाजूने ऊन येतं आणि चहावाला कुठून येतो हे पाठ होतं. दुसऱ्या हाफमध्ये एका पोराने लांबून असा काही फटका मारला, की आम्ही सगळे ओरडत उभे राहिलो. या वेळी तोंडावर उशी नव्हती.

परतताना सीएसएमटीला पनवेल गाडी रिकामीच लागली होती. सहाच्या सहाजणांना खिडकी! मी म्हटलं, ‘काका, आज भांडण नाही, गर्दी नाही. मस्त ना?’

काका म्हणाले, ‘मस्त कसलं? रिकामी गाडी रेल्वे कधी ना कधी बंद करते, बाळा.’